स्पंज धुवा, पण नळाखाली नको : घरच्या फिशटँकमधला फोम फिल्टर

   

आजचा विषय आहे स्पंज फिल्टर. फिशटँकच्या कोपऱ्यात बसलेला, काळा, बुडबुडे सोडणारा तो फोमचा तुकडा. दुकानात सगळ्यात स्वस्त, दिसायला सगळ्यात सामान्य. दुकानदार बऱ्याचदा तो दाखवतही नाही. आधी लाइटवाला टँक दाखवतो, मग रंगीत खडे, मग प्लास्टिकचा किल्ला. फिल्टरचा विषय शेवटी, तोही "हा पण एक घेऊन ठेवा" असा.

मेसेजमध्ये एक प्रश्न मला सारखा येतो. शब्द वेगळे असतात, प्रश्न तोच. "दादा, मी टँक एकदम स्वच्छ ठेवतो, दर आठवड्याला सगळं धुतो, तरी मासे मरतात. असं का?"

आज या प्रश्नाचं नीट उत्तर देतो. उत्तर थोडं उलटं आहे. पुष्कळदा मासे मरतात ते सगळं धुतल्यामुळेच. आणि हे समजून घ्यायचं असेल तर त्या फोमच्या तुकड्यात नक्की काय चालतं, ते बघायला लागेल.

घाण कुठली?

आपल्याला टँकमधली घाण म्हणजे काय वाटतं? तळाला पडलेली विष्ठा, न खाल्लेलं खाणं, काचेवरचं शेवाळ. हे सगळं डोळ्यांना दिसतं. पण माशाला मारणारी गोष्ट दिसत नाही. तिचं नाव अमोनिया.

मासा जे खातो त्यातल्या प्रोटीनमधून अमोनिया तयार होतो. आपल्या शरीरात त्याचा युरिया होतो आणि तो लघवीवाटे जातो. गोड्या पाण्यातल्या बहुतेक माशांमध्ये तो मुख्यतः कल्ल्यांमधून थेट पाण्यात जातो. म्हणजे मासा नुसता श्वास घेत पोहत असला तरी पाण्यात अमोनिया सोडत असतो. उरलेलं खाणं कुजलं, पान सडलं, की त्यात भर.

नदीत, तळ्यात हा अमोनिया अफाट पाण्यात विरून जातो. तुमचा टँक केवढा? दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. गणित करा, काठोकाठ भरला तरी ५६ ते ५७ लिटर. खडे टाकले, वर थोडी जागा सोडली की हातात राहतं पन्नासच्या आतबाहेर. घरातल्या मोठ्या पिंपापेक्षाही कमी. त्यात पाच-सहा जीव चोवीस तास राहतात, तिथेच खातात, तिथेच सगळं करतात.

आता इथे एक बारकावा आहे. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक जास्त विषारी, दुसरं बरंच कमी. किती भाग विषारी रूपात असणार, हे पाण्याच्या पीएचवर आणि तापमानावर ठरतं. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असेल, तर एकूण अमोनियापैकी साधारण अर्धा टक्काच विषारी रूपात असतो. तोच पीएच ८ झाला की सुमारे ५ टक्के. म्हणजे पीएच एक अंकाने वाढला आणि विष जवळपास दहापट झालं. त्यामुळे "मित्राकडे चालतं, माझ्याकडे का नाही?" याचं एक उत्तर इथे असू शकतं. त्याच्याकडे धरणाचं मऊ पाणी येत असेल आणि तुमच्याकडे बोअरचं जड, खारट पाणी. खाणं तेवढंच, मासे तेवढेच, परिणाम वेगळा.

मग तो अमोनिया जातो कुठे?

चांगल्या चाललेल्या टँकमध्ये तो जिवाणू खातात. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो. दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो. नायट्राइटही विषारीच, ते माशाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद घालवतं. नायट्रेट मात्र त्या मानाने सौम्य. थोडंफार साठलं तरी मासा सहन करतो, झाडं ते खातात, आणि उरलेलं आपण पाणी बदलून काढून टाकतो.

ही साखळी माणसाला कळली त्याला सव्वाशे वर्षांहून जास्त काळ झाला. सर्गेई विनोग्राडस्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखवले. गंमत अशी की गोष्ट तिथे संपली नाही. अनेक वर्षं मत्स्यपालनाच्या पुस्तकांत दोन नावं ठरलेली होती, नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर. मग १९९० च्या दशकात फिशटँकच्या फिल्टरमधल्या जिवाणूंचा डीएनए तपासला, तर नायट्राइट खाण्याचं काम तिथे नायट्रोस्पिरा नावाचा वेगळाच गट करत होता. पुढे २०११ मध्ये दिसलं की गोड्या पाण्याच्या अनेक टँकमध्ये अमोनिया खाणारे बरेचसे जीव जिवाणू नसून आर्किया नावाच्या वेगळ्याच कुळातले आहेत. आणि २०१५ मध्ये असे नायट्रोस्पिरा सापडले जे अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचं पूर्ण काम एकटेच करतात. त्यातला एक शोध मत्स्यपालनाच्या टाकीच्या फिल्टरमधूनच लागला.

म्हणजे बघा, आपण ज्याला "चिकट घाण" म्हणून नळाखाली धरतो, त्यात शास्त्रज्ञांना नवीन जीव सापडतायत.

हे सगळे जीव दोन बाबतीत सारखे आहेत. एक, त्यांना चिकटून राहायला जागा लागते. ते पाण्यात फारसे तरंगत राहत नाहीत, पृष्ठभागावर थर करून राहतात. म्हणून नुसतं "जुनं पाणी" दुसऱ्या टँकमध्ये ओतून फारसं काही होत नाही. दोन, त्यांना सतत ऑक्सिजन लागतो.

जागा आणि ऑक्सिजन. या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी स्वस्तात कोण देतं? फोम.

फोम काय करतो

फोमचा तुकडा हातात घेऊन उन्हात धरा. आरपार जाळी दिसेल. फिल्टरसाठीचा चांगला फोम उघड्या छिद्रांचा असतो, म्हणजे एका पोकळीतून दुसऱ्या पोकळीत पाणी सहज जातं. मुठीत मावेल एवढ्या तुकड्याच्या आत या जाळीचा पृष्ठभाग प्रचंड असतो. तेवढी सगळी जागा जिवाणूंना राहायला.

आता त्यातून पाणी फिरवायचं कसं? स्पंज फिल्टरमध्ये मोटर पाण्यात नसतेच. बाहेरचा एअर पंप हवा ढकलतो. ती बारीक नळीतून फिल्टरच्या मधल्या उभ्या पाइपमध्ये येते आणि बुडबुडे होऊन वर जाते. पाइपमधलं पाणी आणि हवेचं मिश्रण आजूबाजूच्या पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ते वर चढतं. त्याची जागा घ्यायला नवीन पाणी यावं लागतं, आणि ते येतं फोममधून. बस्स, एवढीच यंत्रणा. पाण्याखाली फिरणारा एकही भाग नाही, त्यामुळे तिथे बिघडायला काही नाही.

शिवाय बुडबुडे वर फुटताना पृष्ठभाग हलवतात आणि पाण्यात ऑक्सिजन मिसळतो. आपल्याकडे हे महत्त्वाचं आहे. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशाला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. एप्रिल-मे महिन्यात अकोल्याला किंवा चंद्रपूरला घरातल्या टँकचं पाणी किती तापतं, ते तिथल्या मंडळींना सांगायला नको. त्या दिवसांत मासा वर येऊन तोंड उघडझाप करत असेल तर भूक लागली असं समजून खाणं टाकू नका. आधी हवा वाढवा.

आणखी एक फायदा. फोम पाणी ओढतो ते संपूर्ण पृष्ठभागावरून हळूहळू. गप्पीची कालच जन्मलेली पिल्लं, चेरी श्रिंप, यातलं कोणीही आत ओढलं जात नाही. उलट श्रिंप त्या फोमवर बसून दिवसभर काहीतरी वेचून खात असतात. बेटा माशालाही जोराचा प्रवाह आवडत नाही, त्याच्यासाठी हवा थोडी कमी केली की झालं.

एका घरातली गोष्ट

माझ्या एका काकांकडे दोन फुटी टँक होता, तीन गोल्डफिश. काका स्वच्छतेच्या बाबतीत कडक माणूस. एक रविवार सोडून एक रविवार कार्यक्रम ठरलेला. मासे बादलीत, खडे परातीत, फोम मोरीत नळाखाली. फोममधून काळं पाणी निघायचं थांबेपर्यंत पिळायचा. काच आतून-बाहेरून पुसायची. मग टँक पुन्हा ताज्या पाण्याने भरायचा. संध्याकाळी टँक असा लखलखायचा की पाहुणे फोटो काढायचे.

बुधवार-गुरुवारकडे एखादा मासा सुस्त व्हायचा. मग मरायचा. नवीन यायचा. असं वर्षभर चाललं होतं. शेजारच्या आजी म्हणायच्या, "घरावर काही येणार होतं, ते माशानं अंगावर घेतलं." काकूंना ते पटायचं, कारण त्यात दुःखाला थोडा अर्थ मिळायचा. पण माझी चुलत बहीण, तेव्हा तिसरीत होती, तिने एकदा विचारलं, "मग आपल्यावर दर महिन्याला काय येतं?"

तिच्या प्रश्नाला कोणाकडेच उत्तर नव्हतं.

मी पुढच्या वेळी जाताना अमोनियाचं टेस्ट किट नेलं. धुलाईनंतरच्या बुधवारी पाणी तपासलं. त्या किटमध्ये पिवळा रंग म्हणजे अमोनिया नाही, आणि जितका हिरवा तितका जास्त. नळी चांगली हिरवी झाली. पाणी मात्र डोळ्यांना काचेसारखं स्वच्छ. काका बराच वेळ ती नळी उजेडात धरून बघत होते.

मी म्हटलं, "काका, पुढच्या रविवारी फक्त एक करा. फोम नळाखाली नेऊ नका. टँकमधलंच पाणी बादलीत काढा आणि त्यात दोनदा पिळा. खड्यांना हात लावू नका."

"म्हणजे घाण तशीच ठेवायची?"

"घाण बादलीत जाईल. जी राहील ती घाण नाहीये, ती तुमची गडीमाणसं आहेत."

ते हसले, पण त्यांनी तसं केलं. दीड-दोन महिन्यांनी त्यांनीच मला टेस्ट नळीचा फोटो पाठवला. पिवळा. खाली काही लिहिलं नव्हतं. आणि टँक आता लखलखत नाही. काचेच्या मागच्या बाजूला थोडं हिरवं असतं, फोम तपकिरी दिसतो. बहिणीने माशांना नावं ठेवलीयत. पूर्वी ती नावं ठेवायची नाही.

नळाखाली नेमकं काय होतं

महापालिकेच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन असतं. आपल्याला ते हवंच, त्याच्याशिवाय पिण्याचं पाणी सुरक्षित राहणार नाही. पण क्लोरीनला चांगला जिवाणू, वाईट जिवाणू असा फरक कळत नाही. फोम नळाखाली धरून पिळत राहिलं की काही जिवाणू क्लोरीनने मरतात आणि बरेचसे पिळण्याने निघून जातात. त्यात खडेही धुतले, पाणीही सगळं बदललं, की त्या टँकची पचनशक्तीच गेली. मासे मात्र तेवढेच, खाणं तेवढंच.

आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर साफ करायला गेलात आणि डेटाबेस उडवून आलात. बॅकअप नाही.

आणि हे जिवाणू सावकाश वाढतात. पोटातला साधा ई. कोलाय चांगल्या परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. या मंडळींना दुप्पट व्हायला कित्येक तास, कधी दिवसभर किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून नवीन टँक तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे जातात.

हीच गोष्ट "दर महिन्याला कार्ट्रिज बदला" या सूचनेची. काही फिल्टरच्या डब्यावर असं छापलेलं असतं. तुमचे बहुतेक जिवाणू त्याच कार्ट्रिजमध्ये राहत असतील, तर दर महिन्याला तुम्ही पैसे देऊन ते कचऱ्यात टाकता. चांगला फोम वर्षानुवर्षं चालतो. तो कडक झाला, तुटायला लागला, पिळल्यावर पुन्हा फुगत नसेल, तरच बदला. तेव्हाही नवा फोम जुन्याच्या शेजारी महिनाभर ठेवा, मग जुना काढा.

फोम धुण्याची पद्धत

लिहून घ्या, किंवा स्क्रीनशॉट काढा.

एक. धुवायचा कधी? तारखेवर नाही, लक्षणावर. बुडबुडे येतायत पण पाइपमधून वर येणाऱ्या पाण्याचा जोर कमी झाला, किंवा फोमवर गाळाचा जाड थर बसला, की वेळ झाली. कोणाकडे दोन आठवड्यांनी, कोणाकडे दोन महिन्यांनी.

दोन. आधी एअर पंप बंद करा. टँकमधलं पाणी बादलीत काढा. आठवड्याचं पाणी बदलायचं असतं, तेच हे पाणी.

तीन. फोम टँकमधून काढताना त्याच्याखाली प्लास्टिकची पिशवी किंवा भांडं धरा. नाहीतर गाळ पुन्हा टँकमध्ये सांडतो.

चार. बादलीत दोन-तीनदा पिळा. पाणी चहासारखं होईल. फोम पुन्हा मऊ झाला, पाणी त्यातून जायला लागलं, की थांबा. काळं पाणी यायचं बंद होईपर्यंत पिळायचं नाही. साबण, डेटॉल, ब्लीच, गरम पाणी, काहीही नाही.

पाच. ते बादलीतलं पाणी मोरीत ओतू नका. कुंडीत घाला. तुळस, मोगरा, कढीपत्ता, सगळ्यांना आवडतं. त्यात नायट्रेट असतं, म्हणजे खतच. फक्त टँकमध्ये औषध किंवा मीठ टाकलं असेल तर ते पाणी झाडांना घालू नका.

सहा. टँकमध्ये नवीन पाणी घालताना त्यातलं क्लोरीन काढून मग घाला. दुकानात अँटी-क्लोरीन मिळतं, त्यात बहुधा सोडियम थायोसल्फेट असतं. साधं क्लोरीन असेल तर उघड्या बादलीत पाणी चोवीस तास ठेवूनही ते उडून जातं. एका वेळी पाव ते एक तृतीयांश पाणी बदललं तरी पुरतं.

सात. फोम धुतला त्याच दिवशी खडे खरवडू नका. एका वेळी एकच. टँकमध्ये दोन फोम असतील तर आज एक, दोन आठवड्यांनी दुसरा. म्हणून मी दोन फोमवालाच फिल्टर घ्या असं सांगतो.

नवीन टँक : विरजण लावा

घरी दही लावताना आपण काय करतो? कालचं चमचाभर दही दुधात घालतो. नुसत्या दुधाकडे बघत बसलो तर ते नासतं. टँकचंही तसंच.

ज्याचा टँक वर्षभर छान चाललाय, मासे निरोगी आहेत, अशा मित्राला मस्का लावा. त्याच्या फिल्टरमध्ये तुमचा नवीन फोम तीन-चार आठवडे ठेवायला द्या. किंवा त्याच्या जुन्या फोमचा तुकडा कापून घ्या आणि तुमच्या फोमला रबरबँडने बांधा. घरी आणताना टँकच्या पाण्यात ओला ठेवा, वाळू देऊ नका, आणि लगेच हवा चालू करा. हे तुमचं विरजण. एक काळजी घ्या, विरजणाबरोबर रोग आणि गोगलगायीही येतात. त्यामुळे ज्या टँकमध्ये नुकताच मासा मेलाय किंवा पांढरे ठिपके दिसतायत, तिथून काही आणू नका. दुकानातल्या टँकमधला फोमही नको, तिथे रोज नवीन मासे येत-जात असतात.

विरजण मिळालं नाही तर धीर धरा. टँक भरा, फिल्टर चालू करा, मासे न सोडता रोज चिमूटभर खाणं टाका. ते कुजून अमोनिया होईल आणि जिवाणूंना जेवण मिळेल. टेस्ट किटवर आधी अमोनिया चढेल, मग नायट्राइट चढेल, मग दोन्ही शून्यावर येतील आणि नायट्रेट दिसायला लागेल. त्या दिवशी टँक तयार. मग मासे आणा, तेही थोडे थोडे. एकदम आठ नाही.

मला माहितीय, टँक आणि मासे एकाच दिवशी घरी आणायचे असतात. मुलाचा वाढदिवस असतो. पण त्या लहान मुलाला पुढच्या आठवड्यात मेलेला मासा दाखवण्यापेक्षा महिनाभर रिकामा टँक दाखवणं बरं. रोज संध्याकाळी टेस्ट नळीचा रंग त्यालाच वाचायला सांगा. त्याला ते आवडतं.

काय विकत घ्यायचं

फोमवर पीपीआय असा आकडा असतो, म्हणजे एका इंचात किती छिद्रं. आकडा लहान तर छिद्रं मोठी. २० ते ३० घरच्या टँकला ठीक. ४५ वगैरे घेतला तर पाणी जास्त नितळ दिसेल, पण लवकर तुंबेल. भांडी घासायचा स्पंज वापरू नका, त्यात जंतुनाशक किंवा साबण असू शकतो. गादीचा फोमही नको.

नवीन फोम तरंगतो. पाण्याखाली धरून पिळा, आतली हवा निघाली की बसतो.

उभा पाइप पाण्याच्या पृष्ठभागाच्या जवळपास येईल एवढा ठेवा. पाइप उंच असला की पाणी जास्त ओढलं जातं. पाइपच्या आत हवा सोडणाऱ्या जागी छोटा एअरस्टोन बसवला तर बुडबुडे बारीक होतात आणि आवाजही कमी होतो.

एअर पंप टँकच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा. खाली ठेवायचा असेल तर नळीमध्ये चेक व्हॉल्व्ह लावा. लाइट गेली की नळीतून पाणी उलटं खाली येऊ शकतं, थेट पंपात, आणि पंपाच्या शेजारी विजेचा बोर्ड असतो. चेक व्हॉल्व्ह अगदी स्वस्त असतो. इथे कंजुषी नको. पंप घुरघुरत असेल तर त्याच्याखाली जुन्या टॉवेलची घडी ठेवा.

विजेचं बिल? छोटा पंप ३ वॉटचा धरा. चोवीस तास, तीस दिवस चालला तरी महिन्याला दोन युनिटच्या थोडं वर. त्यामुळे "रात्री बंद करतो, बिल येतं" असं करू नका. रात्री झाडंही ऑक्सिजन देत नाहीत, उलट घेतात. फिल्टर रात्री तर चालूच हवा.

लाइट गेली तर

हा आपल्याकडचा खरा प्रश्न. पावसाळ्यात झाड पडलं, फिडर गेला, सहा-सात तास अंधार.

मोठ्या बंद डब्याच्या कॅनिस्टर फिल्टरमध्ये लाइट गेली की पाणी आत अडकतं. आतले जिवाणू त्यातला ऑक्सिजन संपवतात आणि मग गुदमरायला लागतात. बऱ्याच तासांनी लाइट आली की आतलं ते खराब पाणी थेट टँकमध्ये येतं. स्पंज फिल्टर टँकच्या उघड्या पाण्यातच बसलेला असतो, त्यामुळे त्याला टँकमधला थोडाफार ऑक्सिजन मिळत राहतो. तो जास्त वेळ तग धरतो.

तरी तयारी ठेवा. दुकानात एसी-डीसी एअर पंप मिळतो, आत बॅटरी असते, लाइट गेली की आपोआप सुरू होतो. इन्व्हर्टर असेल तर पंखा आणि राउटरबरोबर पंपाचा प्लगही त्यावर घ्या, ३ वॉटने काही फरक पडत नाही. काहीच नसेल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी मगभर पाणी टँकमधून काढून थोड्या उंचीवरून परत ओता. आणि लाइट येईपर्यंत खाणं अजिबात टाकू नका. निरोगी मोठे मासे एक-दोन दिवस उपाशी आरामात राहतात.

स्पंज फिल्टर कुठे पुरत नाही

खोटं कौतुक करणार नाही. पाण्यात तरंगणारे अगदी बारीक कण तो फारसे पकडत नाही, त्यामुळे फोटोसारखं चकचकीत पाणी हवं असेल तर दुसरा फिल्टर जोडीला लागेल. नायट्रेट तो काढत नाही, त्यासाठी पाणी बदलावंच लागतं. मोठे गोल्डफिश, ऑस्कर, कासव, यांच्यासाठी एकटा छोटा स्पंज अपुरा. मुळात दोन फुटी टँकमध्ये तीन गोल्डफिश हीसुद्धा गर्दीच. ते चांगले वाढले तर वीतभर होतात. काकांनाही हे सांगितलंय, मोठ्या टँकसाठी भिंत शोधणं चालू आहे.

आणि टँकमध्ये अँटिबायोटिक टाकलं तर ते फोममधल्या जिवाणूंनाही लागू शकतं. आजारी मासा शक्यतो वेगळ्या भांड्यात ठेवून औषध द्या. त्या भांड्यातही हवा लावा आणि पाणी रोज थोडं बदला.

शेवटी

आपल्याकडे स्वच्छ म्हणजे चमकणारं. स्टीलचा डबा, तांब्याचा कलश, फरशी. ते बरोबरच आहे, डब्यात कोणी राहत नाही. टँकमध्ये कोणीतरी राहतं, आणि त्याच्या घरात थोडा तपकिरी थर असणं म्हणजे त्याच्या जगण्याची सोय आहे. पाणी स्वच्छ आहे की नाही हे काचेवरून ठरवू नका. टेस्ट नळीच्या रंगावरून ठरवा, आणि माशाच्या वागण्यावरून.

या रविवारी तुमच्या घरी कोणी फोम घेऊन मोरीकडे निघालं, तर त्यांना बादली द्या. एवढंच काम आहे.

तुमच्या टँकमध्ये काय चाललंय ते मेसेज करून सांगा. पाण्याचा अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच लिहिलंत तर मला उत्तर देणं सोपं जाईल. "मासा सुस्त आहे" एवढंच लिहिलंत तर मी परत हेच चार आकडे विचारणार आहे.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत काळजी घ्या, आणि खाणं कमी टाका.